गावचे हायस्कूल दुसऱ्या शाळेत विलीन होताना: पालकांचे हक्क, अर्ज आणि कागदपत्रे

2001 ते 2011 या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 वरून 16,15,069 वर आली आणि सिंधुदुर्गाचीही घटली. मुंबई-पुण्याकडे गेलेल्या कुटुंबांची मुले तिकडेच शिकू लागल्याने, गावकऱ्यांनी व मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळांनी वर्गणी काढून उभ्या केलेल्या अनेक हायस्कुलांचा पट रोडावला. अशी शाळा शेजारच्या शाळेत विलीन करण्याचा विषय निघाला की शिक्षकांच्या पदांची चर्चा लगेच सुरू होते. मुलांनी रोज जायचे कसे, हा प्रश्न मात्र मागे राहतो. म्हणून येथे त्याच प्रश्नाला अधिक जागा दिली आहे.

सर्वप्रथम एक भेद नीट समजून घ्यावा. शिक्षण हक्क कायदा 2009 हा 6 ते 14 वयोगटाला, म्हणजे आठवीपर्यंत लागू होतो. राज्याच्या 2011 च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी 1 किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटर अंतरात शाळा अपेक्षित आहे. नववी-दहावीला या कायद्याचे संरक्षण नाही. तेथे आधार आहे तो योजनांचा. त्यामुळे एकाच घरातील सातवीच्या आणि नववीच्या मुलासाठी मागणीचा पाया वेगळा असतो, आणि अर्जही वेगवेगळे करणे हिताचे ठरते.

समग्र शिक्षा योजनेत वाहतूक सुविधेसाठी प्रति विद्यार्थी वर्षाला 6000 रुपयांपर्यंत तरतूद असून 2021 पासून ती माध्यमिक स्तरापर्यंत वाढवली आहे. ग्रामीण भागातील मुलींना शाळेसाठी एस.टी.चा मोफत पास मिळतो, तर मुलांना सवलतीचा मासिक पास काढता येतो. मात्र शाळेच्या वेळेला गाडीच नसेल तर पासाचा उपयोग नाही. म्हणून आगारप्रमुखांकडे फेरीची वेळ बदलण्याची मागणी स्वतंत्रपणे करावी आणि तिच्यासोबत विद्यार्थ्यांची वाडीनिहाय यादी जोडावी.

वाहतूक सुविधेचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत, आठवीपर्यंतच्या मुलांसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि पुढील वर्गांसाठी जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावा. सोबत विद्यार्थ्याचे आधार कार्ड, ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, बँक पासबुकाची प्रत आणि घर ते नवी शाळा या अंतराचे ग्रामपंचायतीचे पत्र असावे. या पत्रात बारमाही रस्त्याचे अंतर लिहून घ्यावे. साकवावरून (छोट्या पुलावरून) किंवा पऱ्या (ओढा) ओलांडून जाणारी पायवाट निम्म्या अंतराची असली, तरी पावसाळ्यात तेथून मुलांना पाठवणे धोक्याचे असते, आणि कागदावर तेच कमी अंतर नोंदले गेले तर मागणी दुबळी होते. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यावी.

विलीनीकरणाचा प्रस्ताव अनुदानित शाळेच्या बाबतीत संस्थेच्या ठरावापासून सुरू होतो आणि शिक्षणाधिकारी कार्यालयामार्फत पुढे जातो. पालकांनी ग्रामसभेचा ठराव करून, वाहतुकीची लेखी व्यवस्था झाल्याशिवाय वर्ग हलवू नयेत, अशी नोंद या टप्प्यावरच द्यावी. हा ठराव कार्यालयावर बंधनकारक नसतो, पण फाइलमध्ये राहतो, आणि पुढच्या प्रत्येक पत्रात त्याचा हवाला देता येतो. नियमांनुसार अतिरिक्त ठरणाऱ्या शिक्षकांच्या समायोजनाची प्रक्रिया वेगळी चालते. मुलांच्या अर्जांनी तिची वाट पाहू नये.

मूल हलवताना शाळा सोडल्याचा दाखला घ्यावा आणि विद्यार्थी पोर्टलवरील त्याची नोंद नव्या शाळेकडे वर्ग झाल्याची खात्री करावी. आठवीपर्यंत दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दहावीच्या विद्यार्थ्यांबाबत अधिक काळजी घ्यावी, कारण परीक्षेचे आवेदनपत्र शाळेमार्फतच भरले जाते. नाव, जन्मतारीख आणि विषय जुन्या दाखल्याशी ताडून पाहावेत. शक्य असल्यास दहावीची तुकडी त्या वर्षापुरती जुन्या शाळेतच ठेवण्याची मागणी करावी, आणि ती मला अगदी रास्त वाटते.

आठवीपर्यंतच्या मुलाची अडवणूक झाल्यास शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तिचा निर्णय तीन महिन्यांत अपेक्षित आहे आणि त्याविरुद्ध राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. नववी-दहावीसाठी हा मार्ग खुला नसल्याने शिक्षणाधिकारी आणि त्यानंतर विभागीय शिक्षण उपसंचालक यांच्याकडे, आधीच्या अर्जाच्या पोचेची प्रत जोडून, दाद मागावी.