टीकिंटरच्या खिडकीत जेपीजी का उघडत नाही?

पायथनमध्ये एक खिडकी उघडून तिच्यात चित्र दाखवायचं काम पाच-सहा ओळींत होतं. खिडक्या बनवण्याचं पायथनचं मॉड्यूल, टीकिंटर, आयात करायचं, मुख्य खिडकी तयार करायची, फोटोइमेजला फाइलचं नाव द्यायचं, तो फोटो लेबलमध्ये, म्हणजे खिडकीतल्या मजकूर किंवा चित्र दाखवणाऱ्या चौकटीत, टाकायचा आणि खिडकी चालू ठेवणारा मेनलूप सुरू करायचा. पहिल्यांदा करून बघणारा बहुधा फोनवर काढलेला एखादा जेपीजी फोटो घेतो आणि तिथेच अडतो. ‘कुडन्ट रेकग्नाइज डेटा इन इमेज फाइल’ एवढं सांगून स्क्रिप्ट थांबते. तोच फोटो पीएनजी म्हणून सेव्ह केला की लगेच उघडतो. मग कोड नीटनेटका करावा म्हणून त्या ओळी एका फंक्शनमध्ये नेल्या, की दुसरीच अडचण उभी राहते. खिडकी बरोबर फोटोच्या मापाची उघडते, पण आत काहीच नसतं, आणि या वेळी एररही येत नाही.

कॉलेजच्या मिनी प्रोजेक्टपासून ऑफिसातल्या छोट्या टूलपर्यंत या दोन अडचणी सगळ्यांना भेटतात, आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं. म्हणूनच त्यामागचा इतिहास सांगावासा वाटतो. या अडचणींची मुळं मुख्यतः १९८७ ते १९९५ या काळात घेतलेल्या निर्णयांत आहेत, आणि ते निर्णय त्या वेळी शहाणपणाचे होते.

टीकिंटर हा टीके या टूलकिटवर, म्हणजे खिडक्या-बटणं बनवण्याच्या तयार कोडसंचावर, चढवलेला पायथनचा थर आहे, आणि टीके स्वतः टीसीएल नावाच्या स्क्रिप्टिंग भाषेसाठी लिहिलेलं. दोन्ही जॉन ऑस्टरहाउट यांची निर्मिती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले आवारात त्यांचा गट चिप डिझाइनची सॉफ्टवेअरं लिहीत असे. प्रत्येक सॉफ्टवेअरला आज्ञा देण्यासाठी एक वेगळी, घाईत रचलेली भाषा बनवावी लागे. कुठल्याही प्रोग्रॅमच्या आत बसवता येईल अशी एकच भाषा असावी, या विचारातून १९८८ मध्ये टीसीएलचं काम सुरू झालं. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी टीके हाती घेतलं. युनिक्सवर तेव्हा एखादी साधी खिडकी उघडायची तरी सी भाषेत पानंच्या पानं लिहावी लागत. टीकेने ते काम स्क्रिप्टमधल्या दोन-चार ओळींवर आणलं. चित्रं दाखवण्याच्या बाबतीत मात्र सुरुवातीचं टीके फारच मर्यादित होतं.

त्या काळी त्याला फक्त दोन रंगांचे बिटमॅप समजत, तेही युनिक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो सिस्टिमच्या एक्सबीएम फॉरमॅटमधले. हा फॉरमॅट आज पाहिला तर नवल वाटतं, कारण एक्सबीएम फाइल म्हणजे सी भाषेतला कोडच असतो. पहिल्या ओळीत रुंदी, दुसरीत उंची, आणि खाली महिरपी कंसात हेक्स आकड्यांची रांग. प्रत्येक आकडा आठ ठिपक्यांचा. ती फाइल थेट प्रोग्रॅममध्ये सामील करून कंपाइल करता येई. माउसचा बाण, फोल्डरचं चिन्ह, बटणावरची खूण एवढ्यासाठी ती सोय उत्तम होती, फोटोसाठी निरुपयोगी.

फोटो आला तो ऑस्ट्रेलियातून. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतले पॉल मॅकेरस यांनी टीकेसाठी फोटो दाखवणारं एक विजेट, म्हणजे बटण-लेबलसारखा खिडकीतला एक घटक, लिहिलं होतं. त्याच्या आधारावर आणि ऑस्टरहाउट यांच्या काही सूचना घेऊन त्यांनी ‘फोटो’ हा चित्रप्रकार घडवला, आणि १९९५ च्या टीके ४.० मध्ये तो मूळ टूलकिटचा भाग झाला. मॅकेरस हे नाव प्रोग्रॅमरांना दुसरीकडेही भेटतं. अँड्र्यू ट्रिजेल यांच्याबरोबर फाइली एका संगणकावरून दुसऱ्यावर जुळवून ठेवणारं आरसिंक त्यांनी लिहिलं, आणि कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटचा इतिहास आलेखात दाखवणारं गिटके हे टूलही त्यांचंच, टीसीएल-टीकेमध्ये लिहिलेलं.

त्यांच्या रचनेतल्या दोन गोष्टी इथे लक्षात घ्यायला हव्यात. पहिली अशी की चित्र हे विजेटपासून वेगळं काढलं गेलं. चित्राला स्वतःचं नाव असतं, ते एकाच वेळी दहा लेबलांत दाखवता येतं, आणि चित्र बदललं की दहाही ठिकाणी बदलतं. दुसरी अशी की फाइल वाचण्याचं काम चित्राच्या मूळ कोडपासून तोडलं. चित्र आत पूर्ण रंगांत साठवायचं, आणि कुठला फॉरमॅट कसा वाचायचा हे बाहेरून जोडता येणाऱ्या छोट्या रीडरवर सोपवायचं. स्क्रीनला तेवढे रंग दाखवता येत नसतील तर ठिपके विखरून, म्हणजे डिदरिंग करून, ते चित्र दाखवायची जबाबदारी टीकेची. तेव्हा अनेक वर्कस्टेशनवर एका वेळी २५६ च रंग मिळत, आणि तेही सगळ्या खिडक्यांना वाटून घ्यावे लागत. म्हणून फोटो प्रकारात पॅलेट आणि गॅमा असे पर्याय आले. आजही ते आहेत; नवा माणूस त्यांच्याकडे बघून गोंधळतो.

टीके ४.० सोबत दोन रीडर आले. एक पीपीएम आणि त्याच्या करड्या भावंडाचा, पीजीएमचा. हे कुटुंब जेफ पॉस्कान्झर यांच्या पीबीएमप्लस या टूलसंचातलं. पीपीएमइतका सोपा फॉरमॅट सापडणं कठीण. सुरुवातीला ‘पी६’ अशी दोन अक्षरं, मग रुंदी, उंची, २५५ हा आकडा, आणि नंतर प्रत्येक ठिपक्याचे तीन बाइट: लाल, हिरवा, निळा. त्यात कसलंही कॉम्प्रेशन नाही. त्यामुळे ६४० बाय ४८० चा फोटोसुद्धा ९,२१,६०० बाइटच्या वर जातो. दुसरा रीडर जीआयएफचा, टेनेसी विद्यापीठातल्या रीड वेड यांनी केलेला. त्यात डेव्हिड कोब्लास यांच्या जिफटूपीपीएम या प्रोग्रॅममधला कोड वापरला होता.

जीआयएफ कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी ऑनलाइन सेवेने जून १९८७ मध्ये आणला होता. एका चित्रात २५६ रंगांची मर्यादा, पण फाइल लहान, आणि मंद मोडेमच्या काळात तेच महत्त्वाचं होतं. फाइल लहान करणारी पद्धत एलझेडडब्ल्यू, जी टेरी वेल्च यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यावर पेटंट होतं. १९८५ मध्ये मंजूर झालेलं ते पेटंट स्पेरी कंपनीकडून विलीनीकरणानंतर युनिसिसकडे आलं. कितीतरी प्रोग्रॅमरांनी जीआयएफ मुक्त समजून वापरला होता. डिसेंबर १९९४ च्या शेवटी युनिसिस आणि कॉम्प्युसर्व्ह यांनी जाहीर केलं की जीआयएफ हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरला परवाना आणि शुल्क लागेल. त्यावर प्रोग्रॅमर मंडळी खवळली. जानेवारी १९९५ च्या पहिल्याच आठवड्यात थॉमस बाउटेल यांनी पर्यायी फॉरमॅटचा कच्चा आराखडा मांडला. त्यातूनच पीएनजी घडला, आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने त्याला मान्यता दिली.

टीके ४.० नेमकं या वादळाच्या वर्षात बाहेर पडलं. जीआयएफ त्यात होताच, पीएनजी अजून तयार व्हायचा होता. पेटंटची सावली टीकेच्या कोडवरही पडली. पुढे जीआयएफ फाइल लिहिण्याची सोय दिली, तेव्हा एलझेडडब्ल्यू पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांचा जो शब्दकोश बनवते तो न वापरता, सलग सारखे ठिपके मोजून दाबणारी पद्धत घेतली गेली. अशा फाइली जीआयएफ वाचणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला चालत, पण आकाराने थोड्या मोठ्या होत. अमेरिकेतलं पेटंट जून २००३ मध्ये संपलं, इतर देशांतली २००४ मध्ये.

मग पीएनजी लगेच का नाही घेतला? पीएनजी वाचायचा तर झेडलिब ही कॉम्प्रेशनची लायब्ररी लागते, आणि टीकेच्या मूळ भागाला बाहेरच्या लायब्रऱ्यांवर अवलंबून ठेवायचं नाही असं धोरण होतं. एकच कोड डझनभर प्रकारच्या युनिक्सवर, विंडोजवर आणि मॅकवर कंपाइल व्हायला हवा होता. ज्यांना जास्त फॉरमॅट हवेत त्यांच्यासाठी यान नाइटमन्स यांचं आयएमजी हे एक्स्टेन्शन होतं. ते लोड केलं की पीएनजी, जेपीजी, टिफ सगळं उघडे. टीसीएल वापरणाऱ्यांचं त्यावर भागत गेलं. पीएनजी मूळ टीकेमध्ये घेण्याचा मायकेल कर्कहॅम यांचा प्रस्ताव मांडला गेला तो २००५ मध्ये. झेडलिब टीसीएलच्या आत आली आणि पीएनजी वाचणारं टीके ८.६ डिसेंबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. फॉरमॅटला मान्यता मिळून तोवर सोळा वर्षं झाली होती. मॅकसोबत अॅपलने दिलेली आवृत्ती त्यानंतरही बराच काळ ८.५ वरच होती. त्यामुळे एकाच वर्गातल्या एका लॅपटॉपवर पीएनजी उघडे आणि दुसऱ्यावर नाही. टीकिंटरच्या जुन्या धड्यांमध्ये ‘फक्त जीआयएफ वापरा’ असं वाक्य दिसतं ते या काळातलं.

जेपीजी मात्र मूळ टीकेमध्ये आजही नाही. त्याचा रीडर हे बरंच मोठं काम आहे, त्यासाठीचा सर्वमान्य कोड इंडिपेंडंट जेपेग ग्रुपच्या लायब्ररीत वेगळा नांदतो, आणि ती गरज बाहेरून भागत असल्यामुळे मूळ टूलकिटमध्ये कधी शिरली नाही.

पायथनवाल्यांची गरज भागवली ती फ्रेड्रिक लुंड यांनी. टीकिंटरचा पाया १९९४ मध्ये स्टीन लुमहोल्ट यांनी रचला, गीदो व्हान रॉसम यांनी तो पायथनमध्ये घेतला, आणि लुंड यांनी पुढे त्याची डागडुजी केली. स्वीडनमधल्या लुंड यांनीच १९९५ पासून पायथन इमेजिंग लायब्ररी, म्हणजे पीआयएल, लिहायला घेतली. तिच्यात चित्र दाखवण्याचे दोन मार्ग होते. ‘शो’ म्हटलं की ती चित्र तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हवाली करी; युनिक्सवर तो प्रोग्रॅम म्हणजे जॉन ब्रॅडली यांचा एक्सव्ही. दुसरा मार्ग इमेजटीके मॉड्यूलचा. त्यात जेपीजी उलगडण्याचं सगळं काम पीआयएल करते आणि तयार ठिपके थेट टीकेच्या फोटोमध्ये भरते. टीकेला तो जेपीजी होता हे कळतही नाही. मॅकेरस यांनी चित्र आणि फाइल वेगळे ठेवल्याचा हा फायदा.

आता ती रिकामी खिडकी. टीसीएलमध्ये चित्र एकदा तयार केलं की ते ‘इमेज डिलीट’ म्हणेपर्यंत राहतं. साफसफाई स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने करायची. पायथनमध्ये उलट: ज्या वस्तूकडे बोट दाखवणारं कोणी उरलं नाही ती आपोआप नष्ट होते. टीकिंटरला या दोन पद्धती जुळवायच्या होत्या, म्हणून पायथनची फोटोइमेज नष्ट होताना तीच टीकेला ‘इमेज डिलीट’ सांगते. हे आवश्यकच होतं. ४००० बाय ३००० चा एक फोटो चार बाइटच्या हिशेबाने ४८ मेगाबाइट खातो. असे शंभर फोटो एकामागून एक दाखवणारी स्क्रिप्ट साफसफाईविना संगणकाला गुडघ्यावर आणेल.

पण लेबलला जेव्हा चित्र दिलं जातं, तेव्हा टीकेच्या बाजूला पोचतं फक्त त्याचं नाव, ‘पायइमेज१’ असं. दारावर पाटी असावी आणि घरात कोण आहे याची पाटीला खबर नसावी, तसं. स्क्रिप्टच्या सर्वांत बाहेरच्या पातळीवर फोटोचं व्हेरिएबल शेवटपर्यंत जिवंत असतं, त्यामुळे सगळं ठीक चालतं. फंक्शनमध्ये मात्र ते फंक्शन संपताच जातं, त्याबरोबर फोटोइमेज जाते, आणि ‘इमेज डिलीट’ पोचतो. टीकेचा नियम असा की वापरात असलेलं चित्र पुसलं तर विजेटने आपलं माप कायम ठेवायचं आणि जागा रिकामी रंगवायची. म्हणून खिडकी नेमकी फोटोएवढी आणि नेमकी रिकामी. टीकेच्या दृष्टीने सांगितलेलं काम बिनचूक झालेलं असतं, त्यामुळे एररचा प्रश्नच येत नाही.

उपाय एका ओळीचा: लेबलच्याच एखाद्या गुणधर्मात, समजा लेबल डॉट इमेजमध्ये, तो फोटो ठेवून द्यायचा. नाव काहीही चालतं, कारण उद्देश फक्त संदर्भ जिवंत ठेवण्याचा आहे. हे उत्तर वर्षानुवर्षं लोकांना लुंड यांच्याच लेखनातून मिळालं. टीकिंटरवर त्यांनी लिहिलेली पानं ही अधिकृत दस्तऐवजांपेक्षा जास्त वाचली जात, आणि माझ्या मते एका माणसाने टीकिंटर शिकणाऱ्यांवर केलेला तो मोठा उपकार होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये लुंड गेले.

पीआयएलची शेवटची आवृत्ती १.१.७ ही २००९ ची. पायथन ३ साठी ती आलीच नाही. २०१० मध्ये अॅलेक्स क्लार्क यांनी पिलो या नावाने तिची शाखा काढली, सुरुवातीला केवळ इन्स्टॉल करणं सोपं व्हावं म्हणून. २०१३ च्या पिलो २.० ने पायथन ३ चा रस्ता खुला केला, आणि आज पीआयएल म्हणून जे आयात होतं ते पिलोच असतं. जुन्या नावांचा एक त्रास मात्र उरला आहे. पिलोमधून इमेज आयात करायचं आणि त्यानंतर टीकिंटरमधलं सगळं तारांकनाने आणायचं, असं केलं की टीकिंटरचा स्वतःचा इमेज क्लास पिलोच्या इमेजवर चढतो आणि इमेज डॉट ओपन सापडत नाही. टीकिंटर ‘टीके’ या छोट्या नावाने आयात करण्याची सवय लावली तर हा प्रश्न मुळातच येत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये टीके ९.० आलं. पीपीएम, जीआयएफ आणि पीएनजीच्या जोडीला आता त्यात ठिपक्यांऐवजी रेषा-आकार साठवणाऱ्या एसव्हीजी फॉरमॅटचा रीडर आहे, म्हणजे चिन्हं कुठल्याही मापात स्वच्छ दिसतील. जेपीजीसाठी टीसीएलमध्ये आयएमजी आणि पायथनमध्ये पिलो हाच मार्ग कायम आहे. रिकाम्या चौकटीची गोष्ट आता पायथनच्या अधिकृत दस्तऐवजातही टीकिंटरच्या पानावर, चित्रांच्या भागात लिहिलेली आहे: टीके चित्राचा संदर्भ धरून ठेवत नाही, शेवटचा संदर्भ गेला की चित्राच्या जागी रिकामी चौकट दिसते.