पित्ताशय काढल्यानंतरचं जेवण: आमच्या डबा-ग्राहकांसाठी माहिती

ऑपरेशननंतर पथ्याचा डबा लावायला येणारे घरचे लोक बहुधा एकच सांगून जातात: "तळलेलं काही देऊ नका." तळलेलं आम्ही देतच नाही. पण आपल्या लातूरकडच्या स्वयंपाकात तेल कढईपेक्षा कुटाच्या डब्यात जास्त असतं, आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

पित्तरस तयार होतो यकृतात, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ही त्याची साठवणीची पिशवी. तिथे तो घट्ट होऊन थांबायचा आणि तेलातुपाचं जेवण आतड्यात उतरलं की एकदम सुटायचा. आता पिशवी नाही, रस मात्र तयार होतोच. तो दिवसभर थोडाथोडा आतड्यात झिरपत राहतो. बेताचं तेल त्याला झेपतं, एकदम आलेलं झेपत नाही. मग पोट फुगतं, कळ येते, जेवून उठल्याउठल्या संडासला पळावं लागतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत सुरळीत होतं. "पिशवीच नाही, आता पचणार कसं?" असा धसका घेऊन महिनोन् महिने पेजेवर राहायची गरज नसते.

आता कुटाचं. शेंगदाण्याच्या वजनात जवळजवळ निम्मं तेल असतं. भाजीत दोन चमचे कूट पडलं की चहाचा एक चमचा तेल त्यातूनच गेलं. फोडणी वेगळी, वर शेंगाचटणी असली तर ती आणखी वेगळी. तीळ आणि कारळाची चटणीही याच हिशेबात धरा. करडईचं तेल हलकं म्हणून हात सैल सोडणारे पुष्कळ आहेत. चमच्याला चमचा सगळी तेलं सारखीच, आणि साजूक तूपही त्यातच मोजायचं. म्हशीच्या दुधाची साय काढून ताक करा, ते बहुतेकांना चालतं.

सुरुवातीच्या दिवसांत आमच्या डब्यात मऊ मुगाची खिचडी, वरण-भात, ताकातल्या ज्वारीच्या कण्या, दोडका, दुधी असं असतं. बेचव लागतं ही तक्रार येतेच. आम्ही जिरं, आलं, कोथिंबीर, लिंबू वाढवतो, तेल वाढवत नाही. हे पचू लागलं की भाकरी आणि पातळ वरण, मग तर्रीशिवाय येसर आमटी. मटकी, हरभरा, कोबी एकेक करून, थोडंथोडं. एकदम दिलं की गॅस धरतो. ठेचा सगळ्यात शेवटी.

दोन वेळच्या भरपेट जेवणाऐवजी तेवढंच अन्न चार-पाच वेळा खा. सांगितलंत तर डबा छोट्या पुड्यांत भरून देऊ, जादा पैसे नाहीत.

उपवासाबद्दल स्पष्टच सांगतो. एकादशीला दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी तुपातली, कूट घातलेली साबुदाणा खिचडी खाणं या दिवसांत नकोच. भगर चालेल, पण सोबतची शेंगदाण्याची आमटी म्हणजे पुन्हा तेच तेल. वेळा अमावस्येला शेतात जाणार असाल तर आंबील खुशाल घ्या, भज्जी बेतानं वाढून घ्या आणि आग्रह करणाऱ्या काकूंना आमचं नाव सांगा.

हे डबा देणाऱ्यांचे अनुभवाचे बोल आहेत, औषधोपचार नाही. ताप, डोळे पिवळे होणं, लघवी गडद किंवा शौच पांढुरकी होणं, थांबत नसलेल्या उलट्या, पोटात जोराची कळ, यातलं काहीही दिसलं तर डबा राहू द्या, ताबडतोब डॉक्टर गाठा. पातळ जुलाब आठवडे-आठवडे चालूच राहिले तरीही दाखवा; आतड्यात उतरणाऱ्या पित्तामुळे असं होत असेल तर त्यावर औषध आहे, ते डॉक्टरच देतील.

डबा लावताना ऑपरेशनची तारीख, शुगर-बीपीची औषधं, काय खाल्लं की त्रास होतो, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं पथ्य एवढं कळवा. पथ्याचा कागद आमच्या यादीशी जुळत नसेल तर कागद धरायचा. उद्याच्या डब्यात बदल हवा असेल तर आज संध्याकाळीच सांगा. डाळ रात्री भिजते.