पांव जी केजू

ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातला चीजचा छोटा, गोल पाव. कसाव्याच्या कंदाचे सत्त्व, दूध, तेल, अंडी, मीठ आणि सढळ हाताने किसून घातलेले चीज एवढ्या साहित्यावर तो होतो. त्यात गहू नसतो, यीस्ट नसते, खायचा सोडाही नसतो. तरीही भट्टीत तो टम्म फुगतो. वरचे कवच पातळ आणि कुरकुरीत, आत ओलसर, चिवट जाळी आणि मधोमध बऱ्याचदा पोकळी, अशी त्याची ठेवण असते. ‘पांव’ म्हणजे पाव आणि ‘केजू’ म्हणजे चीज. मिनासच्या घरांत तो सकाळच्या कॉफीबरोबर आणि पुन्हा दुपारच्या कॉफीबरोबर खाल्ला जातो.

मराठीतला ‘पाव’ हा शब्द याच पोर्तुगीज शब्दापासून आलेला आहे. पायाने मळतात म्हणून पाव, किंवा लादीचा चौथा हिस्सा म्हणून पाव, या व्युत्पत्ती ऐकायला गमतीच्या असल्या तरी खऱ्या नाहीत. पोर्तुगीज जहाजांबरोबर हा शब्द जिथे जिथे गेला, तिथे त्याच्या पोटातला पदार्थ त्या त्या मुलखाने ठरवला. गोव्यात गव्हाचे पीठ मिळाले, पण आंबवण्यासाठी युरोपातले किण्व नव्हते. तिथल्या पोदेरांनी, म्हणजे पाव भाजणाऱ्यांनी, माडाच्या सुरेवर पीठ आंबवले. मिनासमध्ये गहूच नव्हता. तिथे नाव पावाचे राहिले आणि आतला धान्याचा भाग कंदाने घेतला. जपानीत पावाला ‘पान’ म्हणतात, तोही याच कुळातला शब्द.

मिनास जेराइस या नावाचा अर्थ ‘सर्वसाधारण खाणी’. सतराव्या शतकाच्या शेवटी या डोंगराळ मुलखात सोने सापडले आणि पुढच्या काही दशकांत हिरेही. ओरू प्रेतू, मारियाना, दियामान्तीना ही गावे त्या भरात उभी राहिली. समुद्रकिनारा दूर, वाटा खेचरांच्या, आणि गहू बाहेरून येणारा, महाग, वाटेत किडणारा. या मातीत भरवशाने येणारा कंद होता कसावा. ब्राझीलचे मूळ रहिवासी तो कित्येक शतके खात आले होते आणि त्यातले विष काढण्याची कलाही त्यांचीच. कसाव्यात, विशेषतः त्याच्या कडू जातींत, सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात. कंद किसून, धुऊन, ‘तिपिती’ नावाच्या वेताच्या लांबट पिळणीत दाबून त्याचे पाणी काढले की ती द्रव्ये निघून जातात. त्या पाण्याच्या तळाशी पांढरे शुभ्र सत्त्व बसते. या पावाची सुरुवात तिथून आहे.

अठराव्या शतकातल्या मिनासच्या वाड्यांवर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी स्त्रिया रांधत असत. या सत्त्वाची बिस्किटे आणि गोळे त्यांच्याच हातचे, असे परंपरेने मानले जाते. ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८ साली संपली. या पावाची गोष्ट सांगताना सोन्याच्या खाणी आणि मालकांच्या मेजवान्या अगत्याने सांगितल्या जातात. ज्यांच्या हातांनी पीठ मळले त्यांचा उल्लेखही तितक्याच ठळकपणे व्हायला हवा. सोने सरत गेल्यावर मिनास हा गुराढोरांचा मुलूख झाला. घराघरांत चीज होऊ लागले आणि वाळून कडक झालेले चीज किसून या गोळ्यांत पडू लागले. देशभर या पावाचा प्रसार मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. गोठवलेले कच्चे गोळे कारखान्यांतून बाहेर पडू लागले, तेव्हा तो विमानतळांपासून पेट्रोल पंपांपर्यंत सगळीकडे पोचला.

या सत्त्वाला तिकडे ‘पोल्विल्यू’ म्हणतात आणि त्याचे दोन प्रकार आहेत. कंदाचे सत्त्व काढून लगेच वाळवले की ‘दोसी’, म्हणजे गोडे. तेच सत्त्व पाण्याखाली काही आठवडे ठेवून आंबवले आणि मग उन्हात वाळवले की ‘अझेदू’, म्हणजे आंबट. ज्या घरात उन्हाळ्यात कुरडया होतात, त्या घराला हे समजावून सांगावे लागणार नाही. गहू तीन दिवस भिजत घालून, रोज पाणी बदलून, वाटून, गाळून चीक काढायचा, तो तळाशी बसू द्यायचा आणि वरचे पिवळसर आंबट पाणी ओतून टाकायचे, ही रीत आणि पोल्विल्यूची रीत सख्ख्या बहिणी आहेत. फरक मुदतीचा आणि वाळवण्याचा. पोल्विल्यूचे आंबणे वीस दिवसांपासून दीड-दोन महिन्यांपर्यंत चालते, आणि नंतर तो थेट कडक उन्हातच वाळवावा लागतो. दक्षिण मिनासमधल्या कोन्सेइसाँव दुस ओरुस या गावाची ओळखच पोल्विल्यूचे गाव अशी आहे.

ऊन इथे केवळ वाळवण्यासाठी नसते. आंबताना तयार झालेले लॅक्टिक आम्ल आणि सूर्यप्रकाशातले अतिनील किरण मिळून सत्त्वाच्या रेणूंत बदल घडवतात आणि त्या बदलामुळे भाजताना ते फुगते. आंबवलेले हेच सत्त्व यंत्राच्या उष्णतेवर वाळवले, तर आंबट चव राहते पण फुगण्याची ताकद उतरते. म्हणून गोड्या सत्त्वात लिंबू, व्हिनेगर किंवा दही घातले तर आंबटपणा येतो, फुलणे येत नाही. ब्राझीलमधल्या बऱ्याच घरांत दोन्ही प्रकार निम्मे निम्मे घेतात. आंबटामुळे पाव हलका आणि पोकळ होतो, गोड्यामुळे आतला गाभा चिवट आणि भरीव राहतो.

दुसरी महत्त्वाची गोष्ट चीज. पावासाठी ‘मेया कूरा’, म्हणजे अर्धमुरलेले मिनास चीज पसंत करतात. ताजे चीज पाणीदार असते, पूर्ण मुरलेले फार खारट आणि कोरडे होते. सेरा दा कनास्त्रा आणि सेरू या भागांतले हातचे चीज सर्वांत नावाजलेले. ते कच्च्या दुधाचे असते आणि त्यात ‘पिंगू’ घालतात. पिंगू म्हणजे आदल्या दिवशीच्या चीजमधून रात्रभर ठिबकलेले खारट पाणी. आपण कालच्या दह्याचे विरजण आजच्या दुधाला लावतो, तसेच. प्रत्येक शेतावरचा पिंगू निराळा, म्हणून प्रत्येक शेतावरच्या चीजची चव निराळी. मिनासच्या या चीज करण्याच्या पद्धतीला ब्राझीलने २००८ साली राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवले आणि डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने तिचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

घरी करण्याची रीत सोपी आहे, पण तिचा एक टप्पा नेमका जमावा लागतो. तो टप्पा उकडीचा. अर्धा किलो पोल्विल्यूला साधारण पाव लिटर दूध, अर्धी वाटी ते पाऊण वाटी तेल आणि चमचाभर मीठ लागते. चीज खारट असेल तर मीठ कमी. दूध, तेल आणि मीठ एकत्र उकळून, उकळी वर येत असतानाच ते परातीतल्या सत्त्वावर ओततात आणि लाकडी चमच्याने ढवळतात. पोर्तुगीजमध्ये याला ‘एस्काल्दार’ म्हणतात. मोदकाची उकड काढणाऱ्या हाताला यामागचे कारण ठाऊक असते. तांदळाच्या पिठात ग्लुटेन, म्हणजे गव्हाची कणीक ताणू देणारे चिवट प्रथिन, नाही, म्हणून थंड पाण्यात भिजवलेल्या पिठाची पारी वळत नाही, फाटते. उकळते पाणी मिळाले की पिष्टाचे कण फुगून चिकट होतात आणि पीठ वळण्याजोगे होते. कसाव्याच्या सत्त्वाचेही तसेच आहे. सगळे सत्त्व शिजायला नको. काही कण शिजून बाकीच्यांना धरून ठेवतील, इतकेच हवे. दूध कोमट असेल तर पीठ मोकळे राहते आणि गोळे भट्टीत पसरून चपटे होतात.

उकड हाताला सोसेल इतकी निवाली की अंडी घालायची, दोन किंवा तीन, आणि तीही एकेक करून. गरम उकडीत अंडे फोडले तर ते तिथेच शिजते आणि पिठात पांढऱ्या गाठी राहतात. पहिले अंडे पडताच पीठ सुटल्यासारखे, निसरडे दिसते. घाबरून वरून सत्त्व घालू नये, मळत राहावे. चारपाच मिनिटांत ते पुन्हा एकजीव होते. शेवटी २५० ते ३०० ग्रॅम किसलेले चीज. झालेले पीठ पोळीच्या कणकेपेक्षा बरेच सैल आणि चिकट असते, हाताला तेल लावल्याशिवाय वळत नाही. तसेच ते असावे. घट्ट पिठाचे गोळे दिसायला सुबक होतात, पण आत दडस राहतात.

मोठ्या लिंबाएवढे गोळे वळून, दोन बोटांचे अंतर ठेवून, आधीच १८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेल्या ओव्हनमध्ये २० ते २५ मिनिटे भाजतात. वरच्या प्रमाणात पस्तीसेक गोळे होतात. पहिली पंधरा मिनिटे दार उघडायचे नाही. या वेळात पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि शिजत चाललेले सत्त्व रबरासारखे ताणत ती वाफ कोंडून धरते. पावाला फुगवण्याचे सगळे काम ही वाफच करते. अंड्यातली प्रथिने आणि वाळत जाणारे कवच तो फुगा घट्ट करतात. त्याआधी दार उघडले की थंड हवेने फुगा बसतो आणि पुन्हा उठत नाही. वर फिकट सोनेरी डाग आले, तळ खमंग झाला की पाव झाला. फार लालसर होऊ दिला तर आतला ओलावा जातो.

भारतात आंबट पोल्विल्यू सहसा मिळत नाही. ‘टॅपिओका स्टार्च’ म्हणून मिळते ते गोडे सत्त्व. त्याने पाव होतो, चवही चांगली लागते, पण तो कमी फुगतो आणि जास्त चिवट होतो. साबुदाणा दळून वापरण्याचा मोह अनेकांना होतो, कारण आपला साबुदाणाही कसाव्याचाच. खिचडीसाठी आपण आणतो तो बहुतेक तामिळनाडूतल्या सेलम भागातून येतो. पण साबुदाण्याचे दाणे तयार करताना ते वाफवतात किंवा तापलेल्या पत्र्यावर भाजतात. म्हणजे त्यातले पिष्ट काही अंशी आधीच शिजलेले असते. त्याचे पीठ दूध अधिक पिते आणि गोळे जड होतात, म्हणून सत्त्वच आणणे बरे. चीजच्या बाबतीत मुरलेले चेडर किंवा पार्मेजान आणि मोझरेला यांचे मिश्रण मूळ चवीच्या बरेच जवळ जाते. पनीर मात्र चालत नाही. ते आम्लाने फाडलेल्या दुधाचे असल्यामुळे उष्णतेने वितळत नाही, गोळ्यात भुसभुशीत कण होऊन राहते. अंडे खात नसलेल्या घरांत अंड्याच्या जागी थोडे जास्त दूध आणि जास्त चीज घालता येते. गोळे कमी फुगतात, पण खायला चांगले लागतात.

कसावा भारतात पोर्तुगीजांबरोबरच मलबार किनाऱ्यावर उतरला. एकोणिसाव्या शतकात त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले आणि केरळात तो ‘कप्पा’ म्हणून गरिबांचे अन्न झाला. एकाच कंदाची मिनासमध्ये पाव, केरळात माशाच्या कालवणाबरोबरची उकड आणि महाराष्ट्रात एकादशीची खिचडी झाली.

मिनासमध्ये हा पाव बहुधा नुसताच खातात. मधोमध फोडून त्यात ‘रेकेइजाँव’ हे मऊ चीज किंवा भाजलेले डुकराचे मांस भरण्याची पद्धतही आहे. पेरूचा घट्ट गोड मावा, ‘गोयाबादा’, आणि चीज ही ब्राझीलची लाडकी जोडी. गोव्याच्या घरांत नाताळात होणारी ‘पेराद’ ही त्या गोयाबादाचीच नात्यातली. पेरादीची पातळ काप या गरम पावात घालून पाहावी.

अशाच पावांचे मोठे कुटुंब दक्षिण अमेरिकेत पसरलेले आहे. पॅराग्वेची ‘चिपा’ बडीशेपेसारख्या वासाची, चरबी घातलेली, बरेचदा कड्याच्या आकाराची, आणि ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात घरोघर होणारी. बोलिव्हियात ‘कुन्यापे’, इक्वादोरमध्ये ‘पान दे युका’, आणि कोलंबियात मक्याचे पीठ मिसळलेला ‘पानदेबोनो’. १९९० नंतर ब्राझीलमधल्या जपानी वंशाच्या हजारो कुटुंबांनी कामासाठी जपानची वाट धरली आणि हा पाव तिथल्या बेकऱ्यांतही दिसू लागला. त्याचा चिवटपणा मोची, म्हणजे चिकट तांदळाचे चिवट गोळे, खाणाऱ्या जिभांना ओळखीचा वाटला असावा. २००३ साली मिस्टर डोनट या दुकानसाखळीने तिथे ‘पोन दे रिंग’ नावाचा चिवट डोनट आणला, त्याचे नाव या पावावरूनच घेतलेले आहे.

हा पाव ओव्हनमधून निघाल्यावर अर्ध्या तासात खाण्याचा आहे. गार झाल्यावर सत्त्व पुन्हा आवळते आणि पाव रबरासारखा होतो. पाच मिनिटे पुन्हा भाजला तर बराच सुधारतो, मायक्रोवेव्हमध्ये मात्र क्षणभर मऊ होऊन लगेच कडक होतो. म्हणून ब्राझीलमधल्या गृहिणी एकदाच भरपूर पीठ मळतात, गोळे वळून ताटात सुटे सुटे गोठवतात आणि मग पिशवीत भरून ठेवतात. पाहुणे दारात आले की लागतील तेवढेच गोळे, बर्फ न उतरवता, तसेच ओव्हनमध्ये जातात. कॉफी होईपर्यंत पाव तयार असतात.