आतल्या गावात होमस्टे सुरू करायचाय? आधी घराचे कागद, मग अर्ज

पावसाळ्यात चोर्ला घाटात गाड्यांची रांग लागते. माणसं धबधबा बघतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी परत किनाऱ्याकडे जातात. गोव्यातल्या सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे, काणकोण या आतल्या तालुक्यांतल्या गावांच्या वाट्याला बहुतेक वेळा फक्त कचरा येतो. तोच पाहुणा एक रात्र गावात राहिला तर भाडं, जेवण, कुळागरातली (घराजवळच्या बागायतीतली) मिरी-सुपारी, वाट दाखवणाऱ्या पोराचे पैसे, सगळं गावातच राहतं. म्हणून घरच्या एक-दोन खोल्या पाहुण्यांना देण्याचा विचार मला मोलाचा वाटतो. पण बरेच जण आधी खोली रंगवतात, बुकिंगच्या संकेतस्थळावर फोटो टाकतात आणि कागदांकडे शेवटी बघतात. क्रम उलटा हवा.

नोंदणी कोणाला लागते

गोव्यात पर्यटन व्यवसाय नोंदणीचा कायदा १९८२ पासून आहे. पैसे घेऊन पर्यटकाला राहायला जागा दिली की तुम्ही त्या कायद्याखाली येता, मग खोली एकच का असेना. नोंदणी राज्याच्या पर्यटन खात्याकडे होते. नोंदणीशिवाय धंदा केला तर दंड होतो.

याशिवाय केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची होमस्टे वर्गीकरणाची योजना आहे. ती ऐच्छिक आहे आणि तिचा अर्ज 'निधी' पोर्टलवरून करायचा असतो. एक ते सहा खोल्या, जास्तीत जास्त बारा खाटा आणि मालकाचं कुटुंब त्याच घरात राहणारं हवं, अशा तिच्या अटी आहेत. समिती येऊन घर पाहते आणि सुवर्ण किंवा रजत दर्जा देते. कुटुंबाने तिथेच राहायची अट काहींना जाचक वाटते. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. बाहेरच्या कुणी गावातलं जुनं घर विकत घ्यायचं, कुलूप लावून शहरातून चालवायचं आणि पाटी मात्र होमस्टेची लावायची, हे त्या अटीत बसत नाही.

घराचा कागद

खरं काम इथे आहे. पहिल्यांदा एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आणि कब्जात आहे हे दाखवणारा सरकारी कागद, काढा आणि शांतपणे वाचा. कब्जेदाराच्या रकान्यात कुणाचं नाव आहे? बहुतेक घरी ते आजोबांचं किंवा पणजोबांचं निघतं आणि वारस पंधरा-वीस जण असतात. अशा वेळी तुम्ही घरात राहता एवढ्याने भागत नाही. कायमचा उपाय म्हणजे इन्व्हेंटरी, म्हणजे वारस ठरवून मालमत्तेची वाटणी करण्याचं काम. ती २०१२ च्या वारसा कायद्याप्रमाणे कोर्टात चालते आणि वेळ घेते. तोवर निदान सगळ्या सहहिस्सेदारांचं ना-हरकत पत्र, नोटरीसमोर केलेलं, हाताशी ठेवा. मुंबईला असलेल्या चुलत्याची सही राहिली असेल तर चतुर्थीला तो गावी येईल तेव्हाच घ्या, नंतर ते होत नाही. गोव्याच्या नागरी कायद्यात पती-पत्नीची मालमत्ता सहसा समाईक धरली जाते, त्यामुळे दोघांच्याही सह्या घ्याव्यात.

घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत असेल तर उताऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) म्हणून नोंद आहे का ते पाहा. १९७५ च्या मुंडकार कायद्याने राहतं घर आणि पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंतची जागा विकत घेता येते. त्यासाठी मामलेदाराकडे अर्ज करावा लागतो. होमस्टेचा विचार पक्का असेल तर हा दावा आधी लावा. सत्तरीत मोकाशांच्या (जुन्या जमीनदार घराण्यांच्या) जमिनीवरची घरं आहेत, तिथेही नोंद काय सांगते ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं. त्यांच्या आत किंवा काठाला असलेल्या घरांचं आणखी वेगळं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेली जमीन वारसाला जाते, पण ती विकता किंवा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. अशा जागेत पाहुण्यांसाठी नवी खोली उठवण्याआधी वन खात्याला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. तोंडी 'चालेल' कामाला येत नाही.

घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, बांधकाम कायदेशीर असल्याचा पुरावाही नव्हे. पावती लागते, पण ती एकटी पुरत नाही.

नावांचा घोळही आताच मिटवा. केपे-काणकोणकडे एकाच घरात उताऱ्यावर 'गावकर', आधारवर 'वेळीप' असं सर्रास असतं. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून अर्जाला जोडलं तर अर्ज अडकत नाही.

अर्ज

पर्यटन खात्याच्या नोंदणीसाठी उतारा किंवा मालकीचा दस्त, घरपट्टीची पावती, ओळखपत्र, पॅन, पंचायतीचा ना-हरकत दाखला, खोल्यांचा साधा आराखडा आणि फोटो यांची फाईल करा. पंचायतीचा दाखला लवकर मागा, कारण तो विषय पंचायतीच्या बैठकीत येतो आणि बैठक रोज नसते. सांडपाणी कुठे जातं आणि सुका कचरा कोण नेतं, हे पंचायतीच्या अर्जातच लिहून द्या. विहिरीच्या वरच्या अंगाला शोषखड्डा असेल तर पाहुणे घेण्याआधी तो हलवा. शेजाऱ्याचं पाणी बिघडलं तर गाव कायमचा विरोधात जातो. पणजीत पाटो इथल्या पर्यटन भवनात खात्याचं कार्यालय आहे. अर्ज दिल्यावर पोचपावतीचा क्रमांक मात्र न चुकता जपून ठेवा.

पाहुणा आल्यावर

नोंदवही ठेवा, प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत घ्या. विदेशी पाहुणा आला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती, ज्याला सगळे सी-फॉर्म म्हणतात, ऑनलाइन भरावी लागते. त्यासाठीचं खातं आधीच उघडून ठेवा, कारण आतल्या गावात ऐनवेळी रेंज मिळेलच असं नाही. पैसे घेऊन जेवण देणार असाल तर अन्नसुरक्षेची मूलभूत नोंदणी करा. हुर्राक किंवा फेणी (काजूच्या बोंडांची दारू) विकायला अबकारी परवाना लागतो, घरच्या काजूची असली तरी. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी साधारणपणे लागत नाही.

न्हाणीघर नीट करायला पैसे हवे असतील तर मुद्रा कर्जासाठी, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी योजनेतल्या कर्जासाठी, बँकेत विचारा. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात होमस्टेसाठी मुद्रा कर्जाची घोषणा झाली होती. शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं, त्याला तारण लागत नाही. पहिल्या वर्षी मोठं कर्ज घेऊ नका. खोली वर्षभर भरत नाही.

स्वयंसाहाय्य गट असेल तर

राहण्याची नोंदणी ज्या त्या घराची वेगळी करावी लागते. गटाच्या नावावर एकच नोंदणी घेऊन पाच घरं चालवायची असं करू नका. पण जेवण, लोणची-कोकम, वाटाड्या आणि धुलाई ही कामं गटाकडे देता येतात. एका घरी खतखतं, दुसऱ्या घरी भाकऱ्या, असं वाटून घेतलं की ज्यांच्याकडे द्यायला खोली नाही त्या बायकांच्याही हातात पैसे येतात. पाहुणे कोणत्या घरी कधी पाठवायचे याची पाळी गटाच्या वहीत लिहा आणि हिशेब महिन्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचा. नियमित बैठक आणि हिशेब ही गटाच्या पंचसूत्रीतलीच (गटाने पाळायच्या पाच नियमांतलीच) कामं, त्यामुळे बँकेत गटाच्या कर्जाला तीच वही दाखवता येते.