बी.आर्क.ला जायचंय? मग अकरावीतच कागद गोळा करायला लागा

बी.आर्क., म्हणजे आर्किटेक्चरची पदवी, करायची आवड असलेली मुलं दोन-दोन वर्षं स्केचिंग करतात, क्लासला जातात, नाटा या प्रवेश परीक्षेचा चांगला स्कोअर आणतात. मग प्रवेशाच्या दिवसांत फाइल परत येते. कारण काय, तर मागास प्रवर्गातल्या मुलांना लागणाऱ्या नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चलाच संपलेली, किंवा शाळेच्या दाखल्यावर जन्मठिकाणाचा रकाना कोरा. हे दरवर्षी घडतं आणि बहुतेक वेळा चूक मुलांची नसते. त्यांना कुणी वेळेवर सांगितलेलंच नसतं. म्हणून ही माहिती महाराष्ट्रातल्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी, जिथे अर्ज खरोखर अडतो त्या जागांवर जास्त भर देऊन लिहिली आहे.

कोणती परीक्षा कुठे चालते

एमएचटी-सीईटी बी.आर्क.साठी चालत नाही. पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) ग्रुपला कितीही पर्सेंटाइल असू द्या, त्यावर आर्किटेक्चरला प्रवेश मिळत नाही. एएसी सीईटी ही उपयोजित कला आणि ललित कलेच्या अभ्यासक्रमांसाठी असते, तीही इथे उपयोगाची नाही. एलिमेंटरी-इंटरमीजिएट दिलेली असेल तर हात चालता राहतो, पण ती अट नाही. ती दिली नाही म्हणून कुणी मागे हटू नये.

चालतात त्या परीक्षा दोन. पहिली नाटा, जी वास्तुकला परिषद, म्हणजे काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर घेते. दुसरी जेईई मेनचा पेपर २ए, जो एनटीए ही केंद्राची परीक्षा संस्था घेते. राज्य सीईटी सेलच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्यांमधून मिळणाऱ्या कॉलेजांसाठी यातली कोणतीही एक पुरते. मात्र नागपूरचं व्हीएनआयटी किंवा दिल्ली, भोपाळ, विजयवाडा इथल्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर मनात असतील, तर नाटा कामाची नाही. तिथे जेईई मेन पेपर २ए आणि त्यानंतर जोसाचं, म्हणजे केंद्रीय संस्थांच्या जागा वाटणाऱ्या यंत्रणेचं, समुपदेशन एवढाच मार्ग आहे. खरगपूर, रुरकी आणि वाराणसीच्या आयआयटींसाठी जेईई अॅडव्हान्स्ड आणि वर एएटी ही वेगळी चाचणी द्यावी लागते. एएटीची नोंदणी अॅडव्हान्स्डचा निकाल लागल्यावर सुरू होते आणि लगेच बंद होते. निकालाच्या आनंदात ती हुकवणारे दरवर्षी असतात.

जेईईच्या फॉर्ममध्ये आणखी एक खाच आहे. बी.टेक.चा पेपर १ आणि बी.आर्क.चा पेपर २ए यांची निवड वेगवेगळी करावी लागते. फक्त पेपर १ निवडला आणि 'जेईई तर दिली' म्हणून निश्चिंत राहिलात, तर आर्किटेक्चरसाठी तुमच्याकडे स्कोअरच नसतो. फॉर्म सबमिट करण्याआधी कन्फर्मेशन पेजवर बी.आर्क. हा शब्द डोळ्यांनी वाचा.

अभिमत आणि खासगी विद्यापीठांचे अर्ज वेगळे असतात. कॅपमध्ये नाव आलं म्हणजे तिथेही अर्ज झाला, असं नाही.

गणित सोडलंत तर दार बंद

पात्रतेचा नियम साधा आहे: बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन्ही विषय हवेत, त्यांच्या जोडीला परिषदेच्या यादीतला आणखी एक विषय हवा, आणि एकूण किमान ४५ टक्के हवेत. तिसरा विषय रसायनशास्त्रच असावा असा आग्रह आता नाही. जीवशास्त्र, संगणकशास्त्र, माहिती तंत्रज्ञान, तांत्रिक व्यावसायिक विषय अशी यादी मोठी आहे. जुन्या पुस्तिकांमध्ये ५० टक्के आणि पीसीएम असं छापलेलं सापडतं. ते वाचून पात्र मुलं अर्जच करत नाहीत, म्हणून चालू वर्षाची पुस्तिका वाचल्याशिवाय स्वतःला बाद ठरवू नका.

खरं दुखणं अकरावीत सुरू होतं. मेडिकलचा विचार करून गणित सोडलं आणि बारावीत मन बदललं, तर त्या वर्षी उपाय उरत नाही. नाटाला बसता आलं तरी प्रवेशाच्या वेळी गुणपत्रिकेवर गणित नसेल तर अर्ज बाद होतो. मनात आर्किटेक्चरचा थोडासाही विचार असेल तर गणित ठेवा.

दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केलेल्यांनाही अर्ज करता येतो, पण डिप्लोमात गणित विषय असायला हवा. प्रवेश पहिल्याच वर्षाला मिळतो. इंजिनीअरिंगमधल्या थेट दुसऱ्या वर्षाची इथे वाट पाहू नका.

नाटाबद्दल थोडक्यात

२०२४ पासून परीक्षेचे दोन भाग आहेत. भाग ए कागदावरचा, ८० गुणांचा, त्यात चित्र आणि रचना. भाग बी संगणकावरचा, १२० गुणांचा. दोन्ही भागांत वेगवेगळे किमान गुण मिळवावे लागतात, त्यामुळे चित्रकलेच्या जोरावर दुसरा भाग ओढून नेता येत नाही. वर्षात एकापेक्षा जास्त वेळा परीक्षा देता येते आणि सर्वोत्तम स्कोअर धरला जातो.

तयारीला महागडा क्लास लावलाच पाहिजे असं अजिबात नाही. परिषदेच्या संकेतस्थळावरची माहितीपुस्तिका मोफत आहे, अभ्यासक्रम तिच्यातच दिलेला आहे. हे क्षेत्र आपल्याला झेपेल का हे आजमावायचं असेल, तर एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे आर्किटेक्चरचे अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात. पैसे लागतात ते फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला, आणि त्या प्रमाणपत्राचा प्रवेशासाठी काही उपयोग नाही. चार व्याख्यानं नीट ऐका, रोज समोरच्या वस्तू बघून रेखाटा. पाच वर्षं काय करायचं आहे याचा अंदाज त्यातून येतो.

आणि नाटात पात्र ठरलात म्हणजे प्रवेश झाला, असं समजू नका. 'आता कॉलेजचा फोन येईल' म्हणून घरी थांबलेली मुलं असतात, आणि तोवर सीईटी सेलची नोंदणी बंद झालेली असते. कॅपची नोंदणी स्वतंत्र करायची, तिथे नाटाचा अर्ज क्रमांक भरायचा, तेव्हाच तुमचं नाव गुणवत्ता यादीत येतं.

कागद: खरी अडचण इथे आहे

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, स्कोअरकार्ड आणि फोटो यांना कुणी अडत नाही.

अडतात ते शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, ज्याला आपण एलसी म्हणतो. राष्ट्रीयत्वाचा पुरावा म्हणून तो चालतो, पण त्यावर 'भारतीय' अशी नोंद असेल तरच. जन्मठिकाणही त्यावर हवं, कारण दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेल्या मुलाला 'टाइप ए' या राज्यातल्या उमेदवारांच्या गटात बसायला महाराष्ट्रातला जन्म किंवा डोमिसाइल (अधिवास प्रमाणपत्र) यांपैकी एक दाखवावं लागतं. आपल्याकडच्या अनेक दाखल्यांवर राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात एक आडवी रेघ असते, किंवा जन्मठिकाणापुढे नुसतं गावाचं नाव, तालुका-जिल्हा काहीच नाही. कागदांची छाननी करणारा अधिकारी ते मान्य करत नाही, आणि शाळेचे क्लार्क सुट्टीवर असतात. दाखला आजच काढून बघा. दुरुस्ती शाळेतूनच करून घ्यायची असते आणि तिला वेळ लागतो.

बारावी राज्याबाहेर केली असेल तर टाइप ए मिळत नाही. मग स्वतःचं किंवा आई-वडिलांपैकी एकाचं डोमिसाइल लागतंच. ते तहसील कार्यालयातून, आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतूत अर्ज करून मिळतं. निकालानंतर सेतूत जी रांग लागते तिच्यात उभं राहायची वेळ स्वतःवर आणू नका, हिवाळ्यातच काढून ठेवा. केंद्र किंवा राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या आणि सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळे टाइप आहेत. त्यांचे कागद पुस्तिकेत दिलेले आहेत.

आता जात वैधता, म्हणजे व्हॅलिडिटी. राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही, पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. बारावीच्या निकालानंतर अर्ज केला तर ते वेळेत हाती येईल याचा भरवसा नाही. काही वर्षी सरकारने अर्जाच्या पावतीवर प्रवेश देऊन नंतर मुदत दिलेली आहे, पण त्यावर विसंबून राहू नका. मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही तर तुम्ही खुल्या प्रवर्गात धरले जाता.

या प्रमाणपत्रासाठी जो कागद कुणाकडेच नसतो, तो म्हणजे आजोबा-पणजोबांची जुनी नोंद. समिती मानीव दिनांकापूर्वीचा, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरलेल्या तारखेआधीचा, पुरावा बघते: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर त्यांचा शाळेचा दाखला आणायचा कुठून? अशा वेळी तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही शोधावी लागते, लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. आजोबांची नोंद नसेल तर त्यांच्या भावाची, आत्याची, चुलत पणजोबांची शोधा, आणि नातं वंशावळीच्या शपथपत्रात नीट दाखवा. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतील तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. नोंदीत आडनाव नसणं किंवा आडनावाऐवजी गावाचं नाव असणं ही नेहमीची गोष्ट आहे. वडिलांकडच्या रक्तातल्या नातेवाइकाची व्हॅलिडिटी आधी झालेली असेल तर काम बरंच सोपं होतं, म्हणून पहिला फोन काका-चुलत्यांना करा. अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजच्या प्राचार्यांच्या पत्रासह अर्ज करता येतो. हे कॉलेजांनी प्रत्येक वर्गात जाऊन सांगायला हवं. बहुतेक ठिकाणी नोटीस बोर्डावर एक कागद चिकटवून काम संपवतात, याचा मनापासून राग येतो.

नॉन-क्रीमी लेयर अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती व भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) यांना लागतं. त्यावरची 'वैध' तारीख ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घेताय त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंतची हवी. म्हणजे २०२६-२७ साठी ३१ मार्च २०२७. घरात तीन वर्षांचं प्रमाणपत्र आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, आणि ते नेमकं २०२६ च्या मार्चमध्ये संपलेलं असतं.

जोसाकडेही अर्ज करत असाल तर त्याच मुलाला दुसरा संच लागतो. केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी-एनसीएल (नॉन-क्रीमी लेयर) किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) प्रमाणपत्र, तेही त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर दिलेलं. राज्याचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही आणि केंद्राचं इथे चालत नाही. शिवाय केंद्राची ओबीसी यादी वेगळी आहे, तिच्यात आपली जात आहे का ते आधी पाहा. एकाच घरच्या उत्पन्नाचे दोन नमुने दोन खिडक्यांवर मागणं हा लोकांच्या वेळेचा अपव्यय आहे, पण आज नियम तसा आहे.

नावाबद्दल एवढंच: दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, वडिलांच्या नावापुढे कुठे 'राव' तर कुठे नाही. नाटाचा आणि कॅपचा अर्ज दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे भरा, आणि आधारमधली स्पेलिंगची चूक परीक्षेआधी दुरुस्त करून घ्या.

ऑप्शन फॉर्म भरण्याआधी

तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावर हरकतीसाठी मिळणारे दिवस मोजके असतात. यादीत प्रवर्ग, टाइप, गुण तिन्ही तपासा. अंतिम यादीनंतर रडून उपयोग होत नाही.

ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेज टाकण्यापूर्वी ते वास्तुकला परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का ते परिषदेच्या संकेतस्थळावर पाहा. १९७२ च्या आर्किटेक्ट्स अॅक्टनुसार परिषदेकडे नोंदणी झालेल्यालाच 'आर्किटेक्ट' हे बिरुद लावता येतं, आणि नोंदणी मान्यताप्राप्त पदवीवरच होते. मान्यता एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेची, की वास्तुकला परिषदेची, हा वाद कोल्हापूरच्या श्री प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाउसच्या कॉलेजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ८ नोव्हेंबर २०१९ च्या निकालाने आर्किटेक्चर शिक्षणासाठी वास्तुकला परिषदेचे निकष निर्णायक ठरले. तेव्हा 'आमच्याकडे सगळ्या मान्यता आहेत' असं कॉलेजच्या खिडकीवर कुणी सांगितलं तरी यादी स्वतः उघडा. इंटिरियर डिझाइनची किंवा आर्किटेक्चर असिस्टंटशिपची पदविका चांगली असेल, तिच्यावर पोटही भरतं, पण ती बी.आर्क. नव्हे.

पसंतीक्रम मनापासूनचा लावा. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ती जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की, होते, पुढच्या फेरीत बदल करता येत नाही. जागा मिळाल्यावर दोन वेगळी कामं असतात. आधी पोर्टलवर जागा स्वीकारून शुल्क भरायचं, मग मुदतीत कॉलेजला जाऊन मूळ कागदांसह हजर व्हायचं. शुल्क भरलं आणि कॉलेजला गेला नाहीत, तर जागा जाते. हजर झाल्यावर कॉलेजने तुमचा प्रवेश पोर्टलवर चढवला का ते लॉगिन करून बघा, आणि मूळ कागद कॉलेजने ठेवून घेतले असतील तर कोणकोणते ठेवले त्याची सही-शिक्क्याची पावती मागून घ्या.