वाय. सुब्बाराव यांच्यातला ‘वाय’

हत्तीरोगाच्या मोहिमेत घरोघरी वाटतात त्या डीईसीच्या गोळ्या विदर्भातल्या लोकांना चांगल्याच माहीत आहेत. त्या औषधामागे ज्यांची टीम होती, मेथोट्रेक्सेटसारखं कॅन्सरवरचं औषध ज्यांच्या कामातून आलं, आणि आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीवर ज्यांनी हार्वर्डमध्ये बसून मुळातलं काम केलं, ते शास्त्रज्ञ म्हणजे सुब्बाराव. जन्म १८९५, आंध्रातल्या भीमावरमचा, मृत्यू १९४८ मध्ये न्यूयॉर्कला. रक्तातलं फॉस्फरस मोजायची १९२५ ची त्यांची पद्धत ‘फिस्के-सुब्बाराव मेथड’ म्हणून जगभरच्या लॅबमध्ये वापरली गेली, आणि पुढे एका बुरशीला त्यांच्या नावावरून ‘सुब्बारोमायसेस’ असं नावही दिलं गेलं.

आता गंमत बघा, सोबतच्या शास्त्रज्ञाचं फिस्के हे आडनाव आहे पण सुब्बाराव हे आडनाव नाहीच, ते त्यांचं स्वतःचं नाव. आडनाव होतं येल्लाप्रगडा. शोधनिबंधावर त्याचं एक अक्षर उरलं, वाय, आणि बुरशीच्या नावात तर तेही नाही.

मी सोलापूरचा. शाळेत हजेरी घेताना गाजुल, येमुल, बोल्ली, चिप्पा अशी नावं रोज कानावर पडायची, पद्मशाली विणकरांची पोरं आमच्याच बेंचवर असायची, आणि या नावांना काही अर्थ असेल हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. गाजुलु म्हणजे बांगड्या हे मला खूप वर्षांनी कळलं. तेव्हापासून तेलुगू आडनावं दिसली की मी थांबतोच, आणि येल्लाप्रगडा हे त्यातलं माझं सगळ्यात आवडतं.

तेलुगूत आडनावाला ‘इंटि पेरु’ म्हणतात, म्हणजे घराचं नाव. इल्लु म्हणजे घर, इंटि म्हणजे घराचं, पेरु म्हणजे नाव. या एका शब्दातच सगळं व्याकरण आलंय, कारण बहुतेक तेलुगू आडनावं अशी षष्ठीतली असतात, ‘अमक्याचा’ या अर्थाची. टंगुटूरु गावचे ते टंगुटूरी, वंगीपुरम गावचे ते वंगीपुरपु (आपल्या व्हीव्हीएस लक्ष्मणमधला पहिला व्ही हाच), मिरियालु म्हणजे मिरे आणि मिरियाल म्हणजे मिऱ्यांचे. एरु म्हणजे ओढा किंवा नदी, त्याचं एटि होतं, म्हणून शेवटी ‘एटि’ असलेल्या बऱ्याच आडनावांत कुठेतरी पाणी वाहतंय असं समजायला हरकत नाही. आपण गावाला ‘कर’ लावतो, ते शब्दाचं शेपूट फक्त वळवतात. आणि दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच, गावात राहून कोणी गावाचं आडनाव लावत नाही, गाव सोडलं की मगच ते चिकटतं, म्हणजे गावाचं आडनाव हा एका अर्थी स्थलांतराचा पुरावाच असतो.

येल्लाप्रगडा मात्र गावावरून आलेलं नाही. त्यातला ‘प्रगडा’ म्हणजे जुन्या तेलुगूतला ‘प्रेग्गड’, म्हणजे मंत्री, कारभारी. चौदाव्या शतकात अद्दंकीला प्रोलय वेमा रेड्डीच्या दरबारात एर्रना नावाचा कवी होता, नन्नयानं अर्धवट सोडलेलं महाभारताचं अरण्यपर्व ज्यानं तेलुगूत पुरं केलं, त्याचं दुसरं नाव एर्राप्रगडा. अन्नप्रगडा, मल्लाप्रगडा ही त्याच साच्यातली आडनावं, दरबारी पदाची खूण आडनावात गोठून राहिलेली, जसं आपल्याकडे चिटणीस, फडणीस, सबनीस.

आणि आता मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग. हा प्रेग्गड आणि जुन्या कन्नडमधला ‘पेर्गडे’ हे सख्खे भाऊ, ‘पेर्’ म्हणजे मोठा. कन्नडमध्ये मधल्या काही शतकांत शब्दाच्या सुरुवातीच्या ‘प’ चा ‘ह’ झाला, तेलुगूत तो ‘प’ च राहिला. दूध तेलुगूत पालु, कन्नडमध्ये हालु. वाघ तेलुगूत पुली, कन्नडमध्ये हुली. गाव तिकडे पल्ली, इकडे हळ्ळी. तसाच पेर्गडेचा झाला हेग्गडे, आणि तोच आपला हेगडे! सीमाभागात ज्यांच्या वर्गात एखादा हेगडे होता, त्यांना हे ऐकून कसं वाटेल मला माहीत नाही, मला तरी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, की भीमावरमचा शास्त्रज्ञ आणि आपल्या ओळखीतला हेगडे यांच्या नावांचं मूळ एकच निघतं. रक्ताचं नातं नाही हां, शब्दाचं.

असं आडनाव नक्की किती जणांचं आहे हे मोजायला गेलं की मात्र पंचाईत होते. आपली जनगणना आडनावांची यादी काढतच नाही. अमेरिकेचं सेन्सस खातं काढतं, २०१० च्या यादीत १०० किंवा त्याहून जास्त वेळा आलेली १,६२,२५३ आडनावं आहेत. आपल्याकडे नावं मोकळी लिहून घेतली की काय होतं ते २०११ च्या सामाजिक-आर्थिक आणि जात गणनेत दिसलं, देशभरात ४६ लाखांहून जास्त वेगवेगळी ‘जातींची’ नावं जमा झाली, कारण लोकांनी जात, पोटजात, गोत्र, आडनाव यातलं जे सुचलं ते सांगितलं आणि स्पेलिंगं तर प्रत्येकाची वेगळी. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टात जे सांगितलं त्यात महाराष्ट्राचंच उदाहरण होतं, यादीतले प्रवर्ग ४९४ आणि गोळा झालेली नावं ४ लाख २८ हजारांच्या वर.

तेलुगूंच्या बाबतीत यात आणखी एक गुंता आहे. इंटि पेरु आधी येतं, नाव नंतर, आणि शेवटी रेड्डी, राव, नायडू, चौधरी, शर्मा असं काहीतरी. हे शेवटचं आडनाव नाही, ती मानाची किंवा जातीची जोड. नीलम संजीव रेड्डींचं आडनाव नीलम, चंद्राबाबू नायडूंचं नारा. पी. व्ही. नरसिंह राव, जे १९८४ मध्ये आपल्या रामटेकमधून खासदार झाले आणि ज्यांनी ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेली, त्यांचं आडनाव पामुलपर्ती. आणि संख्याशास्त्रातले क्रामेर-राव बाउंडवाले सी. आर. राव, त्यांच्यातला ‘सी’ म्हणजे कल्यमपूडी. म्हणजे ज्या माणसानं आयुष्यभर जगाला नीट मोजायला शिकवलं त्याचंच आडनाव जगाच्या मोजणीत ‘राव’ म्हणून पडतं. कुठल्याही डेटाबेसमध्ये शेवटचा शब्द म्हणजे आडनाव असं धरलं की रेड्डी आणि राव यांचे डोंगर उभे राहतात आणि खालची हजारो खरी आडनावं एका इनिशियलमध्ये गाडली जातात. २०११ च्या जनगणनेत तेलुगू मातृभाषा सांगणारे ८ कोटी ११ लाख होते, त्यातले १३ लाखांच्या आसपास महाराष्ट्रात, एवढ्या लोकांच्या घराण्यांचा नकाशा त्या इनिशियलमागे आहे.

बरं, आडनावं मोजून उपयोग काय? उपयोग आहे, आणि त्याची सुरुवात डार्विनच्या घरातच झाली. चार्ल्स डार्विननं लग्न केलं ते एमा वेजवुडशी, म्हणजे सख्ख्या मामाच्या मुलीशी. अशा लग्नांचा मुलांच्या तब्येतीवर काय परिणाम होतो ही चिंता त्याला आयुष्यभर होती. त्याचा मुलगा जॉर्ज यानं १८७५ मध्ये पेपरात छापून येणाऱ्या लग्नाच्या बातम्यांतून नवरा-नवरी दोघांचं आडनाव एकच असलेली लग्नं मोजली, आणि त्यावरून इंग्लंडमध्ये किती जण चुलत-मामे-आते भावंडांत लग्न करतात याचा अंदाज काढला. पुढे १९६५ मध्ये क्रो आणि मँज या दोन शास्त्रज्ञांनी याचं साधं सूत्र केलं. बहीणभाऊ चार प्रकारचे, चुलत, आते, मामे, मावस. यात आडनाव जुळतं फक्त चुलत भावंडांचं, म्हणजे चारात एक. अशा लग्नातल्या मुलाला एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून मिळायची शक्यता १६ त १. म्हणून एकाच आडनावाच्या लग्नांचं जे प्रमाण असेल त्याची चारपट करून १६ नं, म्हणजेच थेट ४ नं भागायचं, की समाजातलं अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातून होणारी संतती, किती ते आलं.

हेच सूत्र घेऊन आंध्रातल्या गोदावरीच्या खोऱ्यात जा आणि बघा काय होतं. तिथं एकाच इंटि पेरुत लग्न चालत नाही, ती भावंडंच मानली जातात. त्यामुळे एकाच आडनावाची लग्नं जवळपास शून्य आणि सूत्र सांगणार अंतःप्रजनन शून्य. पण ‘मेनरिकम’ म्हणजे मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी-मुलीशी लग्न ही तिथली जुनी, घरोघरची रीत. आतेभाऊ-मामेभावाला ‘बावा’ म्हणतात, त्याच शब्दानं नवऱ्यालाही हाक मारतात. काही घरांत तर मामा-भाचीचं लग्नही होतं, त्यात ती शक्यता दुप्पट, ८ त १. आणि या सगळ्या लग्नांत आडनाव वेगळंच असतं, कारण मामाचं आडनाव आईच्या माहेरचं! म्हणजे जिथे जवळच्या नात्यातली लग्नं भरपूर आहेत तिथेच सूत्र शून्य दाखवतं. आपल्याकडेही मामाच्या मुलीचा हक्क सांगणारी घरं आहेत, त्यांनाही हे सूत्र पकडणार नाही. मला वाटतं हे विज्ञान शिकवताना पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे, की सूत्रात त्या गावच्या चालीरीती लपलेल्या असतात.

आडनाव बापाकडून मुलाकडे जातं, वाय क्रोमोसोमही तसाच जातो. लेस्टर विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये ब्रिटनमधल्या एकाच आडनावाच्या दोन-दोन अनोळखी पुरुषांच्या १५० जोड्या घेऊन त्यांचे वाय क्रोमोसोम ताडून बघितले. स्मिथसारख्या आडनावात काहीच जुळेना, आणि आडनाव जेवढं दुर्मिळ तेवढं दोघांचा पूर्वज एक असायची शक्यता वाढत गेली. लोहार प्रत्येक गावात होता ना, म्हणून स्मिथही प्रत्येक गावात. तेलुगूत मात्र इथेही जपून, कारण एकाच गावातून बाहेर पडलेल्या चार जातींच्या चार घरांचं इंटि पेरु एकच होऊ शकतं. आणि दत्तक गेलं की आडनाव बदलतं, वाय बदलत नाही. म्हणूनच जुनी माणसं सोयरीक जुळवताना नुसतं इंटि पेरु विचारत नाहीत, गोत्रही विचारतात.

दुर्मिळ आडनावं टिकतात तरी किती? हा प्रश्न १८७३ मध्ये फ्रान्सिस गाल्टननं जाहीर विचारला आणि वॉटसन नावाच्या एका पाद्र्यानं गणित मांडलं. उत्तर थोडं चुकलं, त्यानं काढलं की सगळीच आडनावं कधी ना कधी मरतात, पण सरासरी एकापेक्षा जास्त मुलगे होत असतील तर काही वाचतात. बरोबर एक मुलगा सरासरी असेल तर मात्र सुटका नाही. मुलग्यांची संख्या घरोघर योगायोगानं कमीजास्त होते असं धरून मी हिशोब केला, एकेका पुरुषापासून सुरू झालेल्या १०० आडनावांपैकी पहिल्याच पिढीत ३७ संपतात आणि दहाव्या पिढीपर्यंत ८४. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आंध्रात आणि तेलंगणात एका बाईमागे सरासरी १.७ च्या आसपास मुलं होती, म्हणजे मुलगे साधारण ०.८५. हा आकडा घातला तर चारच पिढ्यांत १०० पैकी ७९ घरं संपतात. रेड्डी-राव यांना काहीच होणार नाही. ज्यांची पाच-दहा घरं आहेत त्या आडनावांचं काय, या विचारानं खरंच जीव तुटतो, कारण एक प्रगडा गेला की दरबारातलं एक पद, एक जुना शब्द जातो.

पण या गणितात एक गृहीतक आहे, आडनाव फक्त मुलगा पुढे नेतो. आणि नेमकं तेच आता हलतंय. २०१० ते २०१७ या काळात अमेरिकेत तेलुगू बोलणारे ८६ टक्क्यांनी वाढले, आणि पासपोर्टवर, व्हिसावर नुसतं इनिशियल चालत नाही, ते फोडून पूर्ण लिहावं लागतं. त्यामुळे इंटि पेरु उचलून शेवटी ठेवायची पद्धत पडली, सत्या नडेला हे त्याचं रोजचं उदाहरण. शिवाय बऱ्याच मुली लग्नानंतर माहेरचं इंटि पेरु तसंच ठेवतात, काही जणी पोरांनाही दोन्ही देतात. मुलीनंही आडनाव पुढे न्यायचं ठरवलं तर सरासरी ०.८५ ची १.७ होते, आणि गाल्टनच्या गणितात एकाच्या वर गेलं की उत्तरच बदलतं. १.७ घालून बघितलं तर शेवटपर्यंत जायचं म्हटलं तरी १०० पैकी साधारण ६९ आडनावं वाचतात.