हॉलिवूडमधील करारबद्ध देखणे नायक

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सुमारे वीस वर्षांत (१९४५–६५) अमेरिकन चित्रपटकंपन्यांनी मुख्यतः चेहरा आणि शरीरयष्टी पाहून निवडलेल्या, ठरावीक पगारावर बांधून घेतलेल्या आणि प्रसिद्धीच्या जोरावर उभ्या केलेल्या तरुण नटांचा वर्ग. रॉक हडसन, टोनी कर्टिस, टॅब हंटर, जेफ्री हंटर, रॉबर्ट वॅग्नर, जॉन गॅव्हिन, जेम्स गार्नर, ट्रॉय डोनह्यू ही त्यांतली ठळक नावे. यांच्यापैकी बहुतेकांची कारकीर्द दोन टप्प्यांत पडते. पहिला टप्पा चित्रपटांचा, दुसरा दूरचित्रवाणीचा. या दोन्ही टप्प्यांत त्यांच्या चेहऱ्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न अभिनयाइतकाच महत्त्वाचा राहिला.

या कारकिर्दीचा पाया म्हणजे सात वर्षांचा करार. प्रभात फिल्म कंपनीत नट-नट्या मासिक पगारावर असत, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. हॉलिवूडचा करारही नोकरीचाच, पण त्याची कलमे अधिक जाचक होती. दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने करार पुढे चालवायचा की मोडायचा, हे फक्त कंपनी ठरवी. नट मात्र सातही वर्षे बांधलेला असे. दिलेली भूमिका नाकारली तर बिनपगारी निलंबन होई, आणि निलंबनाचा काळ कराराच्या अखेरीस जोडला जाई. अभिनेत्री ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड यांनी वॉर्नर ब्रदर्सविरुद्ध खटला लढवला, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने १९४४ मध्ये ही जोडणी बेकायदा ठरवली. कंपनी आपला नट दुसऱ्या कंपनीला भाड्याने देई. त्यातून येणारी जादा रक्कम कंपनीच्या खिशात जाई आणि नटाला नेहमीचाच पगार मिळे. वर्तनाचे कलम वेगळेच. समाजात बदनामी होईल असे काही घडले, तर कंपनी करार रद्द करू शके.

अननुभवी तरुणांना घडवण्यात युनिव्हर्सल कंपनी आघाडीवर होती. संवादफेक, घोडेस्वारी, तलवारबाजी, नृत्य असे सगळे शिक्षण तिथे पगार देऊन मिळे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या बर्नार्ड श्वार्ट्झचा टोनी कर्टिस इथेच झाला. क्लिंट ईस्टवुडलाही या कंपनीने १९५४ मध्ये घेतले होते, आणि पुढच्याच वर्षी काढून टाकले.

या बाजारातला सर्वांत प्रभावी दलाल म्हणजे हेन्री विल्सन. देखणा पण रंगभूमीचा गंधही नसलेला मुलगा हेरायचा, त्याला छोटे, कानात बसणारे नाव द्यायचे आणि कंपनीच्या दारात उभे करायचे, ही त्याची रीत. रॉबर्ट मोझलीचा गाय मॅडिसन, फ्रान्सिस मॅक्काउनचा रोरी कॅल्हून, आर्थर गेलियनचा टॅब हंटर, मर्ल जॉन्सनचा ट्रॉय डोनह्यू अशी त्याने घडवलेली नामावळी लांबलचक आहे. त्याने या मुलांना संधी दिली हे खरे, पण तिची किंमतही वसूल केली. त्याच्या लैंगिक मागण्यांबद्दल हॉलिवूडमध्ये सर्वांना माहीत होते आणि सगळे गप्प होते. तरुण नट त्या काळी किती निराधार होता, हे यावरून दिसते.

विल्सनची सर्वांत मोठी निर्मिती म्हणजे रॉक हडसन (१९२५–८५). इलिनॉय राज्यातल्या विनेट्का गावी जन्मलेला, युद्धकाळात नौदलात काम केलेला आणि नंतर लॉस एंजेलिसमध्ये ट्रक चालवणारा हा उंचपुरा तरुण १९४८ मध्ये एका युद्धपटात किरकोळ भूमिकेत पडद्यावर आला. पुढच्या वर्षी युनिव्हर्सलने त्याला करारबद्ध केले. पाच वर्षे त्याने हाती येईल ते केले. मग दिग्दर्शक डग्लस सर्क यांच्या ‘मॅग्निफिसंट ऑब्सेशन’ने (१९५४) तो नायक झाला. सर्कच्या पुढच्या कौटुंबिक नाट्यपटांत त्याचा शांत, काहीसा अवघडलेला वावर फार परिणामकारक ठरला. टीकाकारांनी त्याला अनेक वर्षे ‘लाकडी’ म्हटले, पण आज हे चित्रपट पाहताना तो आरोप पटत नाही. ‘जायंट’ (१९५६) या चित्रपटासाठी युनिव्हर्सलने त्याला वॉर्नरला भाड्याने दिले, आणि त्याच भूमिकेसाठी त्याला ऑस्करचे एकमेव नामांकन मिळाले. चित्रपटगृहमालकांच्या वार्षिक कौलात १९५७ आणि १९५९ साली तो पहिल्या क्रमांकावर होता. १९५९ मध्येच अभिनेत्री डोरिस डे हिच्याबरोबरच्या ‘पिलो टॉक’ने त्याच्यातला विनोदी नट दाखवून दिला.

हडसन समलिंगी होता. त्या काळी हे उघड झाले असते, तर कारकीर्द त्याच दिवशी संपली असती. १९५२ मध्ये सुरू झालेले ‘कॉन्फिडेन्शियल’ हे मासिक नट-नट्यांच्या खासगी गोष्टी छापून प्रचंड खपत होते. १९५५ साली या मासिकाने कॅल्हूनचा जुना तुरुंगवास आणि टॅब हंटरची जुनी अटक छापली. हडसनची बातमी दाबण्यासाठी विल्सननेच या दोघांची माहिती पुरवली, असे पुढे अनेकांनी लिहिले आहे. त्याच वर्षी हडसनने विल्सनची सचिव फिलिस गेट्स हिच्याशी लग्न केले. १९५८ मध्ये घटस्फोट झाला.

टॅब हंटर (१९३१–२०१८) हाही समलिंगी, आणि त्यालाही तसेच झाकून राहावे लागले. ‘बॅटल क्राय’ने (१९५५) तो किशोरवयीन मुलींचा लाडका झाला. १९५७ मध्ये त्याने गायलेले ‘यंग लव्ह’ हे गीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, मात्र ध्वनिमुद्रिका निघाली ती डॉट या कंपनीकडून. आपल्या पगारी नटाच्या आवाजाचा पैसा दुसऱ्याकडे जातो हे पाहून वॉर्नरने १९५८ मध्ये स्वतःची ध्वनिमुद्रिका कंपनी काढली. जगभर नावाजलेल्या वॉर्नर ब्रदर्स रेकॉर्ड्सचा उगम असा एका देखण्या नटाच्या गाण्याशी जोडलेला आहे. पुढे हंटरने स्वतःच पैसे मोजून वॉर्नरच्या करारातून सुटका करून घेतली. त्याच्या नावाची दूरचित्रवाणी मालिका १९६०–६१ मध्ये एकच हंगाम चालली. २००५ साली आत्मचरित्रात त्याने सगळे मोकळेपणाने सांगितले.

दूरचित्रवाणीमुळे हा सारा व्यवहार पालटला. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने मोठ्या कंपन्यांना आपली चित्रपटगृहे सोडावी लागली, त्यामुळे वर्षाला ठरावीक चित्रपट काढण्याची आणि त्यासाठी पगारी नटांचा ताफा पोसण्याची निकड उरली नाही. १९५० मध्ये अमेरिकेतल्या जेमतेम ९ टक्के घरांत दूरचित्रवाणी संच होता. १९६० मध्ये हे प्रमाण ८७ टक्क्यांच्या आसपास गेले. वॉर्नरने १९५५ पासून एबीसी वाहिनीसाठी मालिका काढायला सुरुवात केली आणि जुनाच करार नव्या माध्यमात आणला. ‘शायेन’चा नायक क्लिंट वॉकर १९५८ मध्ये काम सोडून बसला. आपल्या जाहीर कार्यक्रमांच्या कमाईतला निम्मा वाटा कंपनीला द्यावा लागतो, ही त्याची एक तक्रार होती. वॉर्नरने टाय हार्डिन हा दुसरा देखणा नट त्याच्या जागी उभा केला. चेहऱ्याला चेहरा मिळतो, ही कंपनीची खात्रीच होती.

जेम्स गार्नरने ही खात्री डळमळीत केली. ‘मॅव्हरिक’ (१९५७ पासून) ही वेस्टर्न मालिका त्याच्या हजरजबाबी, भांडणापेक्षा पळ काढणे पसंत करणाऱ्या नायकामुळे गाजली. १९६० च्या लेखकांच्या संपात संहिता नाहीत असे सांगून वॉर्नरने त्याचा पगार थांबवला. गार्नर न्यायालयात गेला. संपकाळातही कंपनी संहिता लिहवून घेत होती हे तिथे सिद्ध झाले आणि तो मुक्त झाला. वॉर्नरने मालिकेत रॉजर मूर या इंग्रज नटाला आणले, पण तोही फार टिकला नाही. गार्नरला मात्र ‘द ग्रेट एस्केप’ (१९६३) आणि पुढे ‘द रॉकफर्ड फाइल्स’ (१९७४–८०) मिळाले. या वर्गातल्या कोणाही नटापेक्षा त्याची कारकीर्द अधिक समाधानकारक वाटते, आणि त्यात त्या खटल्याचा वाटा मोठा आहे.

काहींना युरोपने आधार दिला. टारझन साकारलेला लेक्स बार्कर १९६२ पासून पश्चिम जर्मनीत जर्मन लेखक कार्ल माय यांच्या कथांवरील चित्रपटांचा लाडका नायक झाला. जॉर्ज नेडरने तिथेच जेरी कॉटन हा अमेरिकन तपाससंस्था एफबीआयचा अधिकारी रंगवला. दूरचित्रवाणीवरच्या ‘रॉहाइड’मध्ये अडकलेला ईस्टवुड १९६४ मध्ये इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेच्या चित्रपटातून जगाला दिसला.

देखणा कोणाला म्हणायचे, हे ठरवणारी नजर गोऱ्यांची होती. मेक्सिकोचा रिकार्डो माँटाल्बान दिसायला यांच्यापैकी कोणालाही हार जाणारा नव्हता, पण एमजीएम या चित्रपटकंपनीने त्याला बहुतेक ‘लॅटिन प्रियकरा’च्या साच्यात ठेवले. जपानी-अमेरिकन जेम्स शिगेटाने १९५९ मध्ये नायक म्हणून उत्तम पदार्पण केले, तरी हॉलिवूडने त्याला नायकाच्या भूमिका फार काळ दिल्या नाहीत. माँटाल्बानने १९७० मध्ये लॅटिन कलावंतांसाठी ‘नोसोत्रोस’ ही संस्था काढली.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रेक्षकांची आवड बदलली आणि गुळगुळीत चेहरे जुने वाटू लागले. डोनह्यूची अवस्था सर्वांत वाईट झाली. व्यसनांत सगळे गमावून त्याने एक उन्हाळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये बेघर म्हणून काढला. १९७४ मध्ये ‘द गॉडफादर’च्या दुसऱ्या भागात त्याला छोटी भूमिका मिळाली; त्या पात्राचे नाव मर्ल जॉन्सन, म्हणजे त्याचे स्वतःचे मूळ नाव होते. गॅव्हिन राजकारणाकडे वळला आणि १९८१ ते १९८६ या काळात मेक्सिकोत अमेरिकेचा राजदूत होता. हडसनने ‘मॅकमिलन अँड वाइफ’ (१९७१–७७) मालिकेतून नवा प्रेक्षक मिळवला. जुलै १९८५ मध्ये त्याला एड्स असल्याचे पॅरिसमध्ये जाहीर झाले आणि २ ऑक्टोबरला तो वारला. तोवर या रोगाकडे पाठ फिरवून बसलेल्या अमेरिकन समाजाला या एका परिचित चेहऱ्यामुळे त्याची दखल घ्यावी लागली. एड्स-संशोधनाच्या संस्थेसाठी त्याने अडीच लाख डॉलर दिले होते.

चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवले, तर नटांना मोबदला मिळावा का, हा प्रश्न १९६० मध्ये नटसंघाच्या संपातून सुटला, तोही अर्धवट. संघाचा तेव्हाचा अध्यक्ष रोनाल्ड रेगन हा स्वतः १९३७ पासून वॉर्नरच्या पगारावर राहिलेला देखणा नट. ७ मार्च ते १८ एप्रिल चाललेल्या या संपानंतर १९६० पासूनच्या चित्रपटांच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणासाठी नटांना वाटा मिळू लागला. आधीच्या चित्रपटांसाठी कंपन्यांनी निवृत्तिवेतन व आरोग्य निधीत २२.५ लाख डॉलर भरले. ज्या १९५० च्या दशकातल्या चित्रपटांवर हडसन, कर्टिस आणि हंटर यांची कीर्ती उभी आहे, ते पुढे दूरचित्रवाणीवर वारंवार दाखवले गेले. त्या प्रक्षेपणाचा वाटा मात्र या करारात नटांना मिळाला नाही.